पिरूल गोळा केला, पण विकायचा कसा?

पिरूल म्हणजे चिडाच्या (पाइनच्या) झाडाची गळालेली वाळकी पानं. पंचवीस किलो पिरूल म्हणजे बाईच्या डोक्यावर केवढा तरी मोठा भारा. वजन बेताचं, पण आकार असा की पायवाटेवर समोरून म्हैस आली तर दोघींपैकी एकीला थांबावंच लागतं. उत्तराखंडातल्या वनपंचायतीसोबत (गावाचं जंगल सांभाळणारी गावाचीच समिती) किंवा महिला गटासोबत काम करायला गेलेल्या आपल्याकडच्या मंडळींना पहिला प्रश्न पडतो तो इथेच. वणव्याचं हे जळण जंगलातून उचललं तर गटाच्या खात्यात पैसे येतील का, आणि कोणत्या वाटेने?

चिडाची ही सुईसारखी पानं मार्च ते जून गळतात, म्हणजे नेमकी वणव्याच्या दिवसांत. त्यात राळ असते, त्यामुळे ठिणगी पुरते. जून 2024 मध्ये बिनसर अभयारण्यातल्या आगीत वन विभागाच्या कर्मचाऱ्यांचे जीव गेले. त्याच उन्हाळ्यात राज्य सरकारने ‘पिरूल लाओ, पैसे पाओ’ मोहीम काढली आणि किलोला 50 रुपये जाहीर केले. त्याआधी दर तीन रुपयांच्या आसपास होता. म्हणजे तोच भारा एका हिशोबाने 75 रुपयांचा, दुसऱ्या हिशोबाने 1,250 चा. म्हणून सुटा पिरूल संकलन केंद्रावर द्यायचा असेल तर यंदाचा दर आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे दोन्ही लेखी घ्या. ही वाट सगळ्यांत सोपी आहे. भांडवल म्हणजे दाताळं आणि दोर, बस्स. पण दर गटाच्या हातात नाही, आणि केंद्र चार किलोमीटरवर असेल तर अर्धी कमाई गाडीभाड्यात जाते.

दुसरी वाट ब्रिकेटची. इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे, गोंधळू नका. एक, पिरूल कापून यंत्रात दाबून केलेले ठोकळे. हे बॉयलरला, वीटभट्टीला चालतात, म्हणजे गिऱ्हाईक बहुतेक खाली तराईत, डोंगरपायथ्याच्या सपाटीवर. त्यासाठी थ्री-फेज वीज, छप्पर आणि रस्त्याला लागून जागा हवी. कापणं हेच खरं दुखणं: पिरूल यंत्राच्या दांड्याला केसासारखा गुंडाळतो आणि मग तासभर विळ्याने सोडवत बसा. दोन, ड्रममध्ये पिरूल जाळून कोळसा करायचा, चिकणमातीत कालवून साच्यात घालायचा. अल्मोड्याजवळ कोसी-कटारमलच्या गोविंद वल्लभ पंत संस्थेने या प्रकारचं प्रशिक्षण दिलेलं आहे. हे घरच्या शेगडीसाठी. खर्च थोडा, पण हात काळे आणि विक्री गावापुरतीच.

विजेचा मोह आवरा. बेरीनागकडच्या अवनी संस्थेने पिरूलपासून वायू काढून वीज करून दाखवली आहे, आणि 2018 च्या राज्य धोरणात अशा छोट्या प्रकल्पांना जागाही आहे. पण एका युनिटला साधारण सव्वा ते दीड किलो पिरूल धरा. 25 किलोवॉटचं यंत्र दिवसाला आठ तास चाललं तरी अडीचशे-तीनशे किलो लागतो, तोही वर्षभर, म्हणजे पानगळीच्या तीन-चार महिन्यांत सगळा साठवून. शिवाय वायूसोबत येऊन यंत्रात साचणारं डांबर साफ करणारा माणूस गावातच हवा. बारा-पंधरा बायकांच्या गटाने यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत.

टोपल्या, टेबलावरच्या चकत्या, राख्या? किलोमागे पैसा इथेच सर्वांत जास्त. पण एका टोपलीत पिरूल जातो मूठ-दोन मूठ. गटाला उत्पन्न हवं असेल तर जरूर करा, वणवा थांबेल असं मात्र देणगीदाराला सांगू नका. जो माल जास्त भाव देतो तो जंगल रिकामं करत नाही, आणि जो रिकामं करतो त्याला भाव नाही, अशी ही अडचण आहे.

(मेळघाटात किंवा गडचिरोलीत काम असेल तर पिरूल विसरा, घाणेरी बघा. कर्नाटकातल्या माले महादेश्वर डोंगरांत सोलिगा आदिवासी कारागीर तिच्यापासून फर्निचर करतात.)

मी असते तर पहिलं वर्ष सुटाच विकला असता. त्यात कळतं की किती जणी खरंच रोज येतात आणि दिवसाला किती किलो निघतो. तो आकडा हातात आला, खालच्या एखाद्या भट्टीवाल्याने खरेदीचं लिहून दिलं, तरच दाबयंत्र. टोपल्यांचं काम पावसाळ्यात, ज्यांची बोटं चालतात त्यांनी.

गोळा करायला सुरुवात रस्त्याच्या आणि पायवाटांच्या कडेने, मग गावाच्या शिवेवर. आगी बहुधा तिथूनच आत शिरतात, आणि भारा वाहायचं अंतरही तिथेच कमी. उभ्या चढावरचा सगळाच थर खरवडू नका, माती उघडी पडते. आणि छपराची जागा मार्चआधी ठरवा. पहिल्या पावसात भिजलेला पिरूल केंद्रवालाही घेत नाही, भट्टीवालाही नाही.