बुकिंग नंबर बरोबर सांगितला म्हणून तो जेलचा माणूस ठरत नाही

२,०२३ डॉलर आणि ८४ सेंट. भाच्याला अटक झाली आणि त्या धावपळीत मी फसले. खरं तर गेले होते २,०६० डॉलर ७३ सेंट, पण त्यातले ३६ डॉलर ८९ सेंट क्रेडिट कार्डवाल्यांनी परत दिले. बाकीच्या रकमेवर सगळ्यांनी हात वर केले. आकडा मुद्दाम सेंटसकट लिहितेय, कारण ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे म्हणाले, ‘जाऊ दे गं, थोडक्यात निभावलं,’ आणि उरलेले म्हणाले, ‘इतकी वर्षं अमेरिकेत राहून तू?’ दोन्ही ऐकून कान किटलेत.

आयआरएसचा, म्हणजे इथल्या आयकर खात्याचा फोन, गिफ्ट कार्ड, पार्सलमध्ये सापडलेले ड्रग्ज हे सगळं तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. तसल्या फोनवर मी मराठीत चार शब्द सुनावते आणि ठेवून देते. पण त्या सगळ्यांत मुळातली गोष्ट खोटी असते. इथे गोष्ट खरी होती. माझा भाचा खरोखरच जेलमध्ये होता.

पहाटे त्याच्या रूममेटचा फोन आला. ‘काकू, त्याला पोलिसांनी नेलंय. पार्टीहून येताना गाडी थांबवली.’ कोणत्या पोलिसांनी, कुठे नेलं, काही पत्ता नाही. पोरगा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. टेक्सासमध्ये पहिला डीडब्ल्यूआय, म्हणजे नशेत गाडी चालवणं, साधारणपणे क्लास बी मिसडिमीनर धरतात, म्हणजे कायद्याच्या पुस्तकात फार मोठा गुन्हा नाही. पण आपल्या लोकांसाठी गोष्ट तिथे संपत नाही, कारण नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. नाशिकला ताईला कळवायचं की नाही, हा विचार एकीकडे, आणि दुसरीकडे मी फोनवर टाइप करतेय: अमुक काउंटी, जेल, रिसेंट बुकिंग. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, बुकिंग म्हणजे जेलमधली नोंद.)

वर आलं ते काउंटीचं नव्हतं, जाहिरात होती. पण निळ्या पट्टीत तारा, काउंटीचं नाव, ‘अरेस्ट रेकॉर्ड्स’, सगळं इतकं सरकारी की बघतच राहावं. नाव टाकलं. एक गोल फिरायला लागला. ‘न्यायालयीन नोंदी तपासत आहोत’, ‘छायाचित्रं सापडली’, ‘यातील मजकूर तुम्हाला धक्का देऊ शकतो, पुढे जायचं?’ दोन-तीन मिनिटं असा जीव टांगणीला लावून शेवटी एक डॉलर ९५ सेंट. त्यात त्यांनी माझं नाव, फोन आणि ईमेल घेतलं. हाती काय आलं? भाच्याचा जुना पत्ता, म्हणजे माझंच घर, आणि न्यू जर्सीतल्या कुणा दुसऱ्याच नावबंधूचं स्पीडिंगचं तिकीट. अटकेबद्दल एक अक्षर नाही. महिन्याला ३६.८९ कापणार हे करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत तळाशी. दोनदा कापले. हा धंदा नवा नाही. अशाच दोन मोठ्या संकेतस्थळांकडून ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ५८ लाख डॉलर वसूल केले, साध्या ट्रॅफिक तिकिटांना गुन्ह्यांच्या नोंदी भासवून पैसे उकळल्याबद्दल. दुकानं चालूच आहेत.

जे फुकट मिळतं ते आधी सांगते, मग माझं रडगाणं. टेक्सासमध्ये काउंटी जेल शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, चालवतो. त्याच्या संकेतस्थळावर कैदी शोधायचं पान असतं, आणि तिथे नाव, जन्मतारीख, बुकिंग नंबर, आरोप, बॉण्डची म्हणजे जामिनाची रक्कम यातलं बरंचसं एक छदाम न देता दिसतं. अटक जिथे झाली त्या जागेची काउंटी बघायची, राहत्या घराची नाही. डॅलस शहराचेच तुकडे डॅलस, कॉलिन, डेंटन, कॉफमन, रॉकवॉल अशा काउंट्यांत पडलेत, आणि पार्टीवरून परतताना माणूस दोन काउंट्या सहज ओलांडतो. शहर पोलिसांनी पकडलं असेल तर बऱ्याचदा आधी त्यांच्या कोठडीत ठेवतात, काउंटीत नंतर पाठवतात. म्हणून पहिले काही तास नाव कुठेच दिसत नाही. बोटांचे ठसे, फोटो, मग मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं, तेव्हा बॉण्ड ठरतो. मॅजिस्ट्रेटपुढे ४८ तासांच्या आत न्यावंच लागतं. आणि आपली नावं! आडनावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका. भाच्याच्या आडनावात त्यांनी एक ‘एच’ जास्त घातला होता, आणि वडिलांचं नाव त्याच्याच नावाला चिकटवून टाकलं होतं.

तर दुपारपर्यंत तो यादीत दिसला. बॉण्ड १,५००. जिवात जीव आला. आणि तासाभरात फोन वाजला.

‘सार्जंट’ अमुक, काउंटी करेक्शन्स. आवाज थकलेला, मागे वायरलेसची खरखर, दारं आपटल्याचे आवाज. त्याने माझं नाव घेतलं, भाच्याचं नाव घेतलं, तेही त्या जास्तीच्या ‘एच’सकट उच्चारत. जन्मतारीख सांगितली. बुकिंग नंबर सांगितला. बॉण्ड १,५०० सांगितला. मी समोर शेरीफचं पान उघडून एकेक आकडा ताडून बघत होते आणि सगळं तंतोतंत जुळत होतं. आता तुम्हीच सांगा, विश्वास ठेवायला अजून काय हवं होतं? जे मला दिसत होतं ते अख्ख्या जगाला दिसत होतं, हे आज लिहायला सोपं आहे. चोराने तेच पान उघडलं होतं. आणि माझा नंबर? पैसे घेणारी ती ‘लोकशोध’ संकेतस्थळं प्रत्येक नावाखाली ‘संभाव्य नातेवाईक’ आणि जुने पत्ते छापतात. भाचा इथे आल्यावर पहिलं वर्ष आमच्याकडे राहिला होता. झालं काम.

तो म्हणाला, कोर्टाने कमी धोक्याच्या कैद्यांसाठी सोय केलीय, बॉण्ड फोनवरून भरला की आज संध्याकाळीच सोडू, नाहीतर सोमवार उजाडेल. फोन ठेवू नका, ठेवला तर कागद रांगेत मागे जाईल. जेलला वेगळा फोन करू नका, तिथल्या बाईला हे माहीत नाही. पैसे बँकेच्या ॲपमधून, त्या क्षणात जाणाऱ्या सोयीने. १,५०० पाठवले. समोर पैसे घेणारीचं नाव आलं, एका बाईचं. काउंटीचं नाही, खात्याचं नाही. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, ‘आमच्या बाँडिंग क्लार्क आहेत.’

मग पायातल्या मॉनिटरची, म्हणजे सुटलेला माणूस कुठे आहे ते कळवणाऱ्या पट्ट्याची फी. त्याशिवाय सोडता येत नाही, सुटताना खिडकीवर रोख परत मिळते. किती, ते त्याने लगेच सांगितलं नाही. आधी विचारलं, ‘मॅडम, तुमच्या बँकेची एका दिवसाची मर्यादा किती?’ मी म्हटलं, दोन हजार. दोन सेकंद गप्प. कीबोर्डवर टकटक. ‘तुमच्या केसमध्ये फी ४८५ बसतेय.’

१,५०० अधिक ४८५, म्हणजे १,९८५.

रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच वाक्य कानात वाजतं. कुठल्या सरकारी कचेरीची फी माझ्या बँकेच्या मर्यादेत बसवून, वर पंधरा डॉलर सोडून येते? आपल्याकडे तलाठी तरी असा अदबशीर हिशेब करेल का? टकटक ऐकू आली तेव्हा पोटात काहीतरी हललं होतं, हे मी नाकारत नाही. पण पहाटेपासून पोटात अन्न नव्हतं, ‘हे’ ऑस्टिनला गेलेले, रूममेट दर दहा मिनिटांनी ‘काकू, काय झालं?’ विचारतोय, आणि कानाला फोनवरचा माणूस चिकटलेला. विचार करायला फुरसत मिळू नये म्हणून तर तो फोन ठेवू देत नव्हता. ‘फोन ठेवू नका’ हे शब्द आले की फोन ठेवा. दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

संध्याकाळी मी जेलच्या दारात. काचेमागच्या बाईने मान वर न करता सांगितलं, ‘आम्ही फोन करत नाही, मॅम. रोज दोघं-तिघं येतात तुमच्यासारखे.’ रोज! मग खरा बॉण्ड भरला. १,५०० रोख, पावती माझ्या नावावर. हा कॅश बॉण्ड खटला संपला, पोरगा प्रत्येक तारखेला हजर राहिला, की पावतीवरच्या माणसाला परत मिळतो. बॉण्ड्समनकडे, म्हणजे फी घेऊन जामीन राहणाऱ्या दलालाकडे गेलात तर तो साधारण १० टक्के घेतो आणि ते कायमचे जातात. त्याच्याकडे जायचंच असेल तर काउंटीच्या बेल बॉण्ड बोर्डाच्या, म्हणजे या दलालांना परवाना देणाऱ्या मंडळाच्या यादीत त्याचं नाव आहे का बघा, मोठ्या काउंट्यांत हे बोर्ड असतं. तुम्ही न बोलावता ज्याचा फोन आला, तो बॉण्ड्समन नव्हे.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या शहराच्या पोलिसांनी सांगितलं, त्याने जेलचं नाव वापरलंय ना, मग शेरीफकडे जा. शेरीफच्या ऑफिसने सांगितलं, पैसे तुम्ही घरून पाठवले, म्हणजे गुन्हा तुमच्या शहरात घडला. परत शहर पोलीस. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने मला ‘सार्जंट’चं खरं नाव विचारलं. खरं नाव! ते ठाऊक असतं तर मी त्याच्या दारात उभी असते, तुमच्या नसते. शेवटी एक केस नंबर मिळाला, त्याचं पुढे काही झाल्याचं ऐकिवात नाही. इथल्या केंद्र सरकारच्या दोन तक्रार पोर्टलवर तासन् तास फॉर्म भरले. यंत्राने लिहिलेलं ईमेल आलं: वैयक्तिक तक्रारींचा पाठपुरावा केला जात नाही. मग रकाने कशाला भरून घेता?

आणि शेरीफच्या संकेतस्थळावर सावधानतेची सूचना आहे, हं. लाल अक्षरांत. ‘आम्ही फोनवरून पैसे मागत नाही.’ कुठे आहे? कैद्याच्या कँटीनच्या खात्यात पैसे भरायचं जे पान आहे, त्याच्या तळाशी. जिथे आईबाप, मावश्या, बायका रडत रडत नाव शोधतात, त्या पानावर ओळभरही नाही. तिथे जन्मतारीख आहे, रक्कम आहे, बुकिंगची वेळ आहे, मिनिटासकट. चोराला ताजी यादी हवी तर शेरीफ दिवसभर फुकट पुरवतो. अटकेची मूलभूत माहिती सार्वजनिक असावी, हा कायदा मला कळतो आणि पटतोही. कुणाला गुपचूप उचलून नेऊ नये म्हणून तो आहे. पण पूर्ण जन्मतारीख कशाला? आणि एक लाल ओळ दुसऱ्या पानावर हलवायला किती खर्च येतो? मी लेखी विचारलंय. उत्तर नाही.

बँकेने तर कहर केला. ‘हा व्यवहार आपण स्वतः अधिकृत केला आहे.’ इथल्या नियमाने तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले तर बँक बांधील असते. फसवून तुमच्याच बोटाने पाठवायला लावले तर बहुतेक वेळा नाही. कार्डाने दिलेले ३६.८९ परत मिळाले, कारण कार्डावर तक्रार करायची सोय असते. म्हणून अनोळखी माणसाला बँकेच्या ॲपमधून पैसे कधीच नकोत.

आणखी काही, जे कुणी वेळेवर सांगत नाही. डीडब्ल्यूआय असेल तर लायसन्स वाचवायच्या सुनावणीची मागणी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत करावी लागते. आम्ही चोराच्या मागे धावण्यात त्यातले अर्धे घालवले. जेलमधून खरा फोन आला तर आधी यंत्राचा आवाज येतो, कैद्याचा फोन आहे आणि रेकॉर्ड होतोय असं सांगणारा. त्या फोनवर ‘किती प्यायला होतास?’ हे विचारू नका, सरकारी वकील ते ऐकू शकतो. काउंटीच्या यादीतून नाव गेलं आणि माणूस घरीही आला नाही, तर आइसचा, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांचा वेगळा शोध आहे, तोही फुकट. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) किंवा पूर्ण नाव, आणि जन्मदेश लागतो. ए-नंबर आपल्याकडे आहे का, असेल तर कुठल्या कागदावर, हे आजच बघून ठेवा.

गेल्या महिन्यात भाच्याला ईमेल आलं: तुमचा जेलमधला फोटो आमच्याकडे आहे, काढायचा असेल तर ३९९ डॉलर. टेक्सासमध्ये अशा धंद्याला फोटो काढून टाकण्याचे पैसे मागता येत नाहीत, व्यापार संहितेच्या प्रकरण १०९ मध्ये ते स्पष्ट आहे. वकिलाने त्यांना तेवढंच कलम लिहून पाठवलं, फोटो गेला. म्हणजे कायदे आहेत. बजावणारं कुणी हवं.

बँकेकडे फेरविचाराचा अर्ज टाकलाय. त्यात मी साधं विचारलं होतं: त्या ‘बाँडिंग क्लार्क’ बाईचं खातं कुठल्या बँकेत आहे, एवढं तरी पोलिसांसाठी सांगा. परवा पत्र आलं की खातेदाराच्या गोपनीयतेमुळे ही माहिती देता येत नाही. वकील म्हणतात, पोलिसांनी समन्स काढलं तर बँकेला द्यावीच लागेल. सोमवारी ते पत्र घेऊन पुन्हा त्या तरुण अधिकाऱ्यापुढे बसणार आहे. या भागात असं कुणाचं झालं असेल आणि घेणाऱ्याचं नाव बाईचंच दिसलं असेल, तर तुमचा केस नंबर मला कळवा. दोन तक्रारींत एकच नाव सापडलं तर निदान फाइल उघडतील.