मेण लावलेले पडौक-वेंगेचे ठोकळे : दहा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये चाकूच्या मुठींसाठी आफ्रिकन लाकडाचे बारा ठोकळे ऑनलाइन मागवले होते. आठ पडौक, चार वेंगे, प्रत्येकी १३० × ४५ × ३० मिमी. सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेले. विक्रेत्यानं लिहिलं होतं, ‘सुकलेलं, लगेच वापरा’. त्यावर विश्वास ठेवला आणि एका वेंगेची मूठ तेव्हाच करून दिंडोरीच्या मामेभावाला दिली, द्राक्षाची कलमं बांधायच्या चाकूला.

दिवाळीत तो चाकू घेऊन आला. “अरे, मूठ हाताला टोचतेय.” बोट फिरवलं तर लाकूड आत गेलेलं आणि मधली पोलादी पट्टी दोन्ही कडांना जवळजवळ अर्धा मिलिमीटर वर आलेली. नख अडकत होतं. लांबीत मात्र काहीच फरक नाही. लाकूड आकसतं ते रेषेच्या आडवं, लांबीत जवळपास नाहीच. जोडकाम नीट होतं, लाकूडच ओलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण तो चाकू त्यानं हंगामभर रोज वापरला होता.

खरं तर ओलावा मला जुलैतच कळला होता, पण तोवर चाकू गेला होता. पडौकचा एक ठोकळा मधोमध कापून १० ग्रॅमचा तुकडा काढला, ओटीजीत शंभर-एकशेपाच अंशांवर वजन थांबेपर्यंत ठेवला. ७.८ ग्रॅम भरला. म्हणजे कोरड्या लाकडाच्या २८ टक्के पाणी! मेण लाकडाला तडकण्यापासून वाचवतं, पण पाणीही आतच कोंडून ठेवतं.

मग सगळ्या पडौकच्या बाजू खरवडल्या, टोकांचं मेण तसंच ठेवलं. टोकांतून पाणी सगळ्यात वेगानं जातं आणि चिरा तिथूनच पडतात. माळ्यावर सावलीत, खाली पट्ट्या देऊन रचले, दर रविवारी वजन. एका ठोकळ्याची नोंद : आला तेव्हा १४८ ग्रॅम, ऑगस्टमध्ये १३५ वर थांबला.

इथेच फसायला होतं. वजन थांबलं म्हणजे सुकलं असं वाटतं, पण ते फक्त श्रावणातल्या हवेशी जुळलेलं असतं. नाशिकची हवा कोरडी झाल्यावर काटा पुन्हा उतरायला लागला. डिसेंबरात १२९, आता एप्रिलमध्ये १२६. त्यामुळे पावसाळ्यातल्या थांबलेल्या वजनावर मूठ बसवू नका, निदान एक हिवाळा जाऊ द्या.

पडौक मनापासून आवडलं. रक्तचंदनाच्याच भावकीतलं, कानशीखाली केशरी-लाल भुकटी पडते. तो रंग टिकत नाही, उजेडानं तपकिरी होतो. गिऱ्हाइकाला आधीच सांगा. हिवाळ्यानंतर केलेल्या तीन मुठी अजून पट्टीशी सपाट आहेत. वेंगे दिसायला देखणं, पण कुसळं फार निघतात आणि ती बोटात पिकतात. धूळही त्रासदायक, मास्कशिवाय घासू नका.

लाकडाला पैकीच्या पैकी गुण. ‘लगेच वापरा’ या शब्दांना शून्य.

वेंगेच्या उरलेल्या तीनपैकी एक मामेभावाच्या नव्या मुठीसाठी पडौकबरोबरच खरवडून ठेवला होता, तो तयार आहे. बाकीच्या दोन वेंगेंचं मेण मुद्दाम ऑक्टोबरपर्यंत ठेवलं होतं, तोवर जेमतेम ४ ग्रॅम उतरले. ते अजून आठवड्याला अर्धा ग्रॅम उतरतायत. त्यांना मी करवत लावलेली नाही.