पोर्टा प्रो : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा तारेचा हेडफोन मी गेले अकरा महिने जवळजवळ रोज वापरतो आहे. रात्री साडेनऊनंतर दीड तास आणि रविवारी सकाळी अण्णांचे पेपरवाचन चाललेले असते तेवढा वेळ, असा माझा ऐकण्याचा परिपाठ आहे. ऐकतो ते मुख्यतः ख्यालगायन, त्याखालोखाल नाट्यसंगीत आणि अभंग. हेडफोन घेताना बहुतेक जण आधी आवाजाचा दर्जा पाहतात आणि पूर्वी मीही तेच करीत असे. आता माझे मत असे झाले आहे की आपण कुठे बसून ऐकणार आणि त्या वेळी आजूबाजूचे काय ऐकू यायला हवे, हे आधी ठरवावे. आवाजाची तुलना मग जे दोन-चार हेडफोन उरतील त्यांच्यातच करावी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ८४ वर्षांचे आहेत. डोंबिवलीच्या आमच्या घरात ते बाहेरच्या खोलीत झोपतात. रात्री त्यांना पाणी लागते, उठून बसायला आधार लागतो, आणि त्यांची हाक आता इतकी बारीक झाली आहे की पंख्याच्या आवाजातही ती विरून जाते. मी त्याच खोलीत खुर्ची टाकून बसतो. आधी माझ्याकडे कानात घट्ट बसणारे, रबरी टोप्यांचे इअरफोन होते. त्यांचा आवाज उत्तम होता. पण एका रात्री बागेश्रीचा विलंबित ख्याल संपल्यावर मी ते काढले, तेव्हा अण्णा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते आणि “किती हाका मारल्या रे,” एवढेच म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मी ओपन-बॅक, म्हणजे पाठ उघडी असलेल्या हेडफोनांची चौकशी सुरू केली.

अशा हेडफोनात आवाज निर्माण करणाऱ्या पडद्याची मागची बाजू बंद डबीत कोंडलेली नसते, तिला जाळी असते. त्यामुळे बाहेरचा आवाज सहज आत येतो आणि आतला थोडा बाहेर जातो. या रचनेचे बहुतेक चांगले हेडफोन मोठे, वजनदार आणि घरातच ठेवण्याजोगे असतात. पोर्टा प्रो मात्र घडी करून खिशात मावतो. तो १९८४ सालचा आहे. १९७९ साली सोनीचा वॉकमन आल्यानंतर चालता-फिरता गाणी ऐकण्याची जी सवय जगाला लागली, तिच्यासाठी अमेरिकेतील मिलवॉकीच्या या कंपनीने तो काढला, आणि चार दशकांनंतरही तो मूळच्याच रूपात मिळतो. धातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर सरकतात, दोन्ही कर्णे आत वळवले की एकात एक बसतात, आणि पट्टीच्या टोकाचा छोटा आकडा अडकवला की घडी पक्की होते. ही घडी मी आता अंधारातही न चाचपडता घालतो.

आवाजाकडे वळतो. या हेडफोनात खालचे स्वर मुद्दाम थोडे उठावदार ठेवलेले आहेत, आणि त्यावरून काही चोखंदळ श्रोते नाक मुरडतात. मोठ्या आवाजात ऐकले तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु मी अगदी हळू आवाजात ऐकतो आणि तिथे हाच उठाव उपयोगी पडतो. आवाज जसजसा लहान करावा तसतसा माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत अधिक बधिर होत जातो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली आलेखांनिशी दाखवले होते. म्हणूनच सपाट, म्हणजे सगळे स्वर सारख्याच उठावाने देणारा आणि काटेकोर मानला जाणारा हेडफोन रात्री हळू लावला की गाणे पातळ वाटू लागते आणि हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. पोर्टा प्रोवर ही ओढ मला जाणवत नाही. गाणे हळू असूनही भरलेले राहते, आणि रोज ऐकणाऱ्याच्या कानांच्या दृष्टीने मला हा सर्वांत मोठा गुण वाटतो.

एक उदाहरण देतो. काळी एक पट्टीत तंबोरा लावला तर त्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. फोनच्या स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू त्याची कल्पना करून घेतो. या हेडफोनवर जोडाच्या दोन तारा झाल्यावर खर्ज पडतो तो वेगळा कळतो आणि पुढची पंचमाची तार छेडली जाईपर्यंत त्याची आस टिकते. डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेली घिसही अशीच स्पष्ट लागते. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. भारदस्त पुरुषी आवाज मंद्र सप्तकात उतरला की शब्दांच्या कडा जराशा जाड होतात, आणि सारंगीच्या गजाची खरखर सौम्य होते. किशोरीताईंच्या आलापीत मला काही कमी वाटत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर ऐकताना मात्र आवाजाची धार आणखी थोडी तीक्ष्ण हवी होती असे वाटते. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांसाठी हाच सौम्यपणा वरदान ठरतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका वरचे स्वर चढे असलेल्या हेडफोनवर ऐकल्या, तर सुईची खसखस आधी कानात शिरते आणि गाणे मागे राहते. इथे ती खसखस मागे जाते आणि खाँसाहेबांचा निकोप, बारीक स्वर पुढे येतो.

मी चष्मा लावतो, त्यामुळे कानावर बसणाऱ्या प्रत्येक हेडफोनाविषयी मनात धास्ती असते. इथे कानाच्या वर, कानशिलावर टेकणाऱ्या छोट्या गाद्या आहेत आणि बाजूची कळ सरकवून दाब कमी-जास्त करता येतो. मी ती सर्वांत सैल ठेवतो. दीड तासानंतरही चष्म्याची काडी कानात रुतत नाही. कानावरच्या गाद्या साध्या स्पंजच्या आहेत. मुंबईच्या दमट हवेत कोणताही स्पंज कायम टिकत नाही. मी दर महिन्याला त्या काढून सौम्य साबणाच्या पाण्यात धुतो आणि सावलीत वाळवतो. नव्या गाद्या स्वस्तात मिळतात आणि नखाने कडा ताणून हातानेच बसवता येतात. बॅटरी उतरली की सगळे यंत्रच टाकून द्यावे लागते, अशी पाळी इथे येत नाही, आणि तारेचाच हेडफोन घेण्यामागे माझे तेही एक कारण होते.

तारेची अडचण अर्थात वेगळी आहे. माझ्या फोनला ३.५ मिलिमीटरचे छिद्र नाही, म्हणून टाइप-सी जोडणी घ्यावी लागली. स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून घेतलेली पहिली जोडणी माझ्या फोनवर चाललीच नाही, आणि हेडफोनच बिघडलेला आहे असे समजून मी दोन दिवस हळहळत होतो. काही स्वस्त जोडण्यांत केवळ तारा असतात आणि ध्वनीचे रूपांतर फोनने करून द्यावे अशी त्यांची अपेक्षा असते. बऱ्याच फोनांत ती सोय नसते. जोडणी घेताना तिच्यात हे रूपांतर करणारी स्वतःची डॅक चिप आहे का, हे विचारून घ्यावे. हेडफोनाचा विद्युत रोध ६० ओम, म्हणजे फोनला पेलेल इतकाच आहे, तेव्हा वेगळ्या अँप्लिफायरची गरज मला कधी पडली नाही.

लोकलमध्ये मात्र मी हा हेडफोन नेत नाही. डोंबिवली ते दादर प्रवासात तो लावून पाहिला तर तंबोरा पूर्ण बुडाला, आणि गाणे वर काढायचे म्हणून मी आवाज इतका वाढवला की शेजारच्या प्रवाशाने वळून पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी ९० डेसिबलवर गेली की तीच मुदत ४ तासांवर येते. रोज जाऊन-येऊन दोन तास गाडीत बसणाऱ्याला हा हिशेब लक्षात ठेवलाच पाहिजे. त्यामुळे प्रवासासाठी ते जुने रबरी टोप्यांचे इअरफोनच मी ठेवले आहेत. नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन मोटरीचा एकसुरी घोंगाट चांगला कापतात, पण माणसांची बोलणी तितकी कापत नाहीत, हेही घेण्यापूर्वी माहीत असावे.

दुकानात दोन हेडफोन तपासताना दोघांचा आवाज कानाने सारखा करून घ्यावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. दुकानदार लावील ते गाणे न ऐकता, ज्याची प्रत्येक जागा पाठ आहे असे आपले ध्वनिमुद्रण न्यावे आणि निदान वीस मिनिटे तेच ऐकावे. कानशिलाला होणारा त्रास पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही.

मागच्या गणपतीत अण्णांनी हेडफोन मागून घेतला. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, आणि त्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणात पखवाज जवळजवळ सगळा डावीकडे होता, म्हणून “पखवाज कुठे गेला?” असे ते विचारू लागले. फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली मोनो ऑडिओ असा पर्याय असतो. तो सुरू केला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांत येतो. मी तो सुरू केला आणि त्यांच्या मांडीवर बोटांचा ठेका सुरू झाला. आता साडेनऊ ते दहा हेडफोन त्यांच्याकडे असतो आणि त्यानंतर माझ्याकडे येतो. मी न चुकता मोनो बंद करतो आणि मगच माझे गाणे लावतो.