टाळ्यांच्या आधीची पानं

रंगमंचावर उभं राहण्याविषयीचं कुठलंही चित्रपुस्तक घ्या, शेवटाकडचं एक चित्र ठरलेलं असतं. नायक हात पसरून उभा आणि समोर माणसं (नाहीतर माकडं, सिंह, अस्वलं) टाळ्या वाजवतायत. हे चित्र सुमार पुस्तकातही झकास जमून जातं, त्यामुळे ते पाहून पुस्तकाची पारख होत नाही. ते पान सापडलं की तिथून उलटं चाळत मागे जावं, नायकाचे पाय लटपटतात त्या पानापर्यंत. मधली पानं मोजावीत आणि त्यांवर तो नेमकं काय करतो ते पाहावं. पडतो का? परत चढतो का? कुणाकडून शिकतो का? की उदास होऊन बसतो, आणि पान उलटलं की सगळं आपोआप जमतं?

आठ गाजलेली पुस्तकं या कसोटीवर घासून पाहिली. सगळी मूळ इंग्रजीतली आहेत.

चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, कारण छापील कागदाच्या घड्या आठ नि सोळाच्या पटीत पडतात. शीर्षक, श्रेय वगैरे वजा जाता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. एवढ्यात पात्र ओळखीचं करायचं, त्याला घाबरवायचं आणि जिंकवायचं. मग कात्री लागते ती तालमीला. तालीम म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा, आणि तेच ते चितारायला चित्रकाराला कंटाळा. घोटाळा होतो तो इथेच.

याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘जिराफ्स कान्ट डान्स’ (1999, लेखन जाइल्स अँड्री, चित्रं गाय पार्कर-रीस). जेराल्ड नावाच्या लांब मानेच्या, वाकड्या गुडघ्यांच्या जिराफाची जंगलातल्या नाचात टर उडवली जाते. तो एकटा निघून जातो, चांदण्यात एक किडा त्याला स्वतःच्या संगीतावर नाचायला सांगतो आणि तो नाचू लागतो. यमकं खणखणीत, रंग मोहक, तीन-चार वर्षांची मुलं पुन्हा पुन्हा मागतील असं पुस्तक. पण मधली पानं मोजली तर त्यांत प्रयत्न असा नाहीच. आणखी एक खटकतं. ज्यांनी हसून त्याला पळवून लावलं तेच शेवटी कौतुकाला हजर, आणि त्यांना कुणी एका शब्दानं जाब विचारत नाही. लहानग्यांना झोपताना वाचायला उत्तम. सहा वर्षांच्या, उद्या खरोखर उभं राहायचं असलेल्या मुलाला मात्र यातून हाती काही लागत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘मिरेट ऑन द हाय वायर’. एमिली आर्नल्ड मकली यांनी 1992 मध्ये लिहिलं नि चितारलं, आणि 1993 चं कॅल्डेकॉट पदक (अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रांसाठी दरवर्षी दिलं जाणारं) त्याला मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं पॅरिस. मिरेटची आई कलावंतांसाठी खाणावळवजा भाड्याच्या खोल्या चालवते. तिथं बेलिनी नावाचा अबोल पाहुणा येतो आणि परसातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर चालताना मिरेटला दिसतो. ती म्हणते, शिकवा. तो नाही म्हणतो. मग ती आपली आपणच सुरू करते: उभं राहणं, तोल जाणं, पडणं, परत चढणं. लेखिकेनं या पडण्याला पुरेशी जागा दिली आहे आणि जलरंगांतही पडणं पडण्यासारखंच दिसतं. ती दोरीचं टोक गाठते, तेव्हा कुठे तो शिकवायला तयार होतो.

पण या पुस्तकाची खरी ताकद पुढे आहे. बेलिनी हा एके काळचा नामांकित तारेवरचा कसरतपटू. त्याला भीतीनं पछाडलंय आणि ती एकदा आली की जात नाही असं तो स्पष्ट सांगतो. उस्तादालाही भीती वाटते, हे मुलांच्या पुस्तकात इतक्या उघडपणे क्वचितच येतं. शहरावर ताणलेल्या तारेवर तो पाऊल टाकतो आणि जागच्या जागी थिजतो. खाली गर्दी. इथे वाचणाऱ्यानं घाई केली तर सगळं पाणी ओतलं. पान उलटण्याआधी मनात पाचपर्यंत मोजावं. ऐकणारं मूलच विचारेल, आता काय?

दोन अडचणी आहेत. मजकूर बऱ्यापैकी लांब आहे, मोठ्यानं वाचायला दहा मिनिटं तरी धरावीत, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नको. आणि वाचून झालं की मुलं दोरी शोधू लागतात! तेव्हा आधीच जमिनीवर खडूनं तीन-चार मीटरची रेघ आखून ठेवावी. टाचेला अंगठा लावत चालायचं, नजर पायांवर न ठेवता रेघेच्या टोकावर रोखायची. स्थिर ठिकाणी नजर असली की तोल सांभाळणं सोपं जातं, आणि पुस्तकातही शिकवणीचा भर त्या टोकावरच आहे.

‘द बेअर अँड द पियानो’ (2015, डेव्हिड लिचफील्ड) या दोन टोकांच्या मध्ये बसतं. रानात सापडलेल्या पियानोतून पहिल्यांदा भसाडा आवाज येतो. अस्वलाचं पिल्लू रोज परत येतं, आणि त्याला सूर गवसेपर्यंत त्याचा पूर्ण वाढलेला अस्वल झालेला असतो. ‘वर्षं गेली’ हे शब्दांनी सांगण्यापेक्षा अंगाच्या आकारानं दाखवणं ही हुशारी आहे. चार वर्षांच्या मुलाला वर्षं कळत नाहीत, मोठं झालेलं अस्वल कळतं. प्रकाशाची चित्रं अप्रतिम. पुढे शहर, नाव, नि मागे राहिलेल्या मित्रांची ओढ, म्हणजे पुस्तक सभाधीटपणाकडून घरच्या आठवणीकडे वळतं. भीतीसाठी म्हणून आणायचं असेल तर हे नव्हे. सरावाला कंटाळलेल्या मुलासाठी मात्र जरूर.

‘अमेझिंग ग्रेस’ (1991, मेरी हॉफमन, चित्रं कॅरोलिन बिंच) प्रयोगाबद्दल कमी आणि निवडीबद्दल जास्त आहे. वर्गाच्या नाटकात ग्रेसला पीटर पॅन (गोष्टीतला उडणारा मुलगा) व्हायचंय. वर्गातलं एक मूल म्हणतं, तू मुलगी आहेस; दुसरं म्हणतं, तू काळी आहेस. आजी तिला नृत्यनाट्य दाखवायला नेते, ती घरी तयारी करते आणि चाचणीत वर्ग तिलाच निवडतो. बारीकसारीक तपशिलांची, फोटोसारखी जलरंगचित्रं. यात एक कच्चा दुवा आहे: ग्रेस मुळातच हुन्नरी दाखवली आहे, त्यामुळे निवड न झालेल्या मुलाशी बोलायला पुस्तकात काही नाही. ते संभाषण पालकालाच करावं लागतं.

‘साँग अँड डान्स मॅन’ (1988, लेखन कॅरन अ‍ॅकरमन) लहान जिवांसाठी फार मोलाचं आहे, कारण त्यातले प्रेक्षक फक्त तीन. आजोबा पूर्वी रंगमंचावर नाचत-गात. नातवंडांना घेऊन ते माळ्यावर जातात, जुनी पेटी उघडतात, नाचाचे बूट काढतात, दिव्यांची तोंडं फिरवून झोत तयार करतात, आणि खेळ सुरू. भीती नाहीच, पण तयारी आहे, एकेक वस्तू हाताळत केलेली. स्टीफन गॅमेल यांची रंगीत पेन्सिलींची चित्रं थरथरत्या रेषांची आहेत आणि म्हणूनच नाचती वाटतात. 1989 चं कॅल्डेकॉट त्यांनाच. वाचून झाल्यावर टेबललॅम्प फिरवून भिंतीवर सावली पाडून पाहावी. गर्दीला बुजणारं मूल दोन-तीन माणसांपुढे पहिलं पाऊल टाकतं, तेही बहुधा असंच.

आता या यादीतलं सगळ्यात विनोदी नि आमच्या मते सगळ्यात कमी वाखाणलं गेलेलं: ‘द फिलहार्मॉनिक गेट्स ड्रेस्ड’ (1982, लेखन कार्ला कस्किन, चित्रं मार्क सिमाँ). शुक्रवारची संध्याकाळ, 105 माणसं कामावर जायला तयार होतायत. 92 पुरुष, 13 स्त्रिया. अंघोळी, दाढ्या, आतले कपडे, मोजे, काळे पोशाख, केस विंचरणं, मग वाद्यांच्या पेट्या उचलून निघणं. कोण ही माणसं, हे सावकाश उलगडत जातं. वादन सुरू होतं तोवर पुस्तक संपत आलेलं असतं. म्हणजे आपल्या कसोटीवर पाहायचं तर हे जवळजवळ सगळं मधल्या पानांचंच पुस्तक!

त्याचा उपयोग कशात आहे? भेदरलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणून फरक पडत नाही, कारण न घाबरणं ही काही करता येण्याजोगी कृती नव्हे. मोजे घालणं, बटणं लावणं, पेटी उचलणं या कृती आहेत. क्रम ठरलेला असला की मुलाला पुढचं पाऊल ठाऊक असतं आणि मन त्यात गुंततं. पुस्तक वाचून झाल्यावर मुलाच्या स्वतःच्या तयारीची सहा-सात चित्रं कागदावर क्रमानं काढून घ्यावीत: पोशाख, केस, पाणी, शौचाला जाऊन येणं, विंगेत उभं राहणं, आपली खूण ऐकणं, चालत जाऊन ठरल्या जागी थांबणं. त्यातलं शौचाचं चित्र विसरू नये, ऐन वेळी तारांबळ उडते ती त्यावरूनच. पुस्तकाचा दोष एवढाच की वादकांच्या लगबगीतले तपशील फार बारीक आहेत. एकाला मांडीवर घेऊन वाचायचं हे पुस्तक, वर्गापुढे धरायचं नव्हे.

‘झिन! झिन! झिन! अ व्हायोलिन’ (1995, लॉइड मॉस, चित्रं मार्जोरी प्राइसमन) मोजणीचं आहे. एकटा ट्रॉम्बोन, मग एकेक वाद्य येत दहा होतात. दुसऱ्या भाषेत सांगायला गेलात तर यमकं हातातून निसटतात, उरतं ते फक्त मोजणं. त्यापेक्षा वाद्यांचे खरे आवाज आधी ऐकवून पुस्तक मुळातूनच वाचावं.

राहिलं ‘द मॅन हू वॉक्ड बिटवीन द टॉवर्स’ (2003, मॉर्डिकाय गर्स्टीन, कॅल्डेकॉट 2004). 7 ऑगस्ट 1974 रोजी फ्रेंच कसरतपटू फिलिप पेती न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या मनोऱ्यांमधल्या तारेवरून चालला, त्याची ही कथा. चालण्याच्या आधीची रात्रभरची खटपट, जड तार छपरावर नेणं, पलीकडे पोचवणं, ताणणं, हे सगळं चित्रांत आहे. हातातला लांब दांडा का, असं मुलं विचारतातच. वजन दूरवर पसरलं की शरीर एका बाजूला कलायला जास्त वेळ घेतं आणि तेवढ्यात सावरता येतं. शिवाय वाकलेली टोकं खाली लोंबत असल्यानं एकूण तोलही खाली उतरतो. फूटपट्टी आडवी धरून मुलाला खडूच्या रेघेवर चालवलं तर काही जाणवत नाही, फूटपट्टी फारच हलकी नि आखूड असते. दीड-दोन मीटरचा काठीचा दांडा द्यावा.

या पुस्तकात उलगडून मोठी होणारी दोन घडीची पानं आहेत आणि ती उघडताना पोटात खरोखर खड्डा पडतो. फाटतात तीही हीच. घडी कोपऱ्यानं ओढली की दुमडीच्या वरच्या टोकाला चीर जाते. तळहात पानाखाली सरकवून उचलावं. जुनी प्रत घेत असाल तर आधी ही दोन पानं उघडून तपासा. शेवटी मनोरे आता नाहीत एवढंच पुस्तक सांगतं, का ते सांगत नाही. त्या प्रश्नाची तयारी ठेवूनच वाचायला घ्यावं. सहा वर्षांपुढेच.

प्रत हातात घेतल्यावर आणखी एक पाहावं. रंगमंचाचं चित्र सहसा दोन्ही पानांवर पसरलेलं असतं आणि नायक मधोमध, म्हणजे नेमका शिवणीत. चिकटवलेल्या बांधणीत त्याचा अर्धा चेहरा दुमडीत गडप होतो. दोऱ्यानं शिवलेली प्रत जास्त सपाट उघडते. जाड पुठ्ठ्याच्या छोट्या आवृत्त्यांत समोरच्या प्रेक्षकांचे चेहरे ठिपके होऊन जातात, आणि या विषयात तर ते चेहरेच वाचायचे असतात.

वाचायची वेळही महत्त्वाची. भीतीबद्दलचं पुस्तक कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पहिल्यांदा काढू नये. जे मूल घाबरलेलंच नव्हतं त्यालाही त्यातून घाबरायचं असतं हे कळतं. मिरेट दोन-तीन आठवडे आधी, तालमी चालू असताना. आदल्या रात्री आजोबांचा माळा किंवा वादकांचे मोजे.

गटाला वाचताना पुस्तक गालाशेजारी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, खालून शिवणीपाशी धरावं. खिडकी वाचणाऱ्याच्या पाठीमागे नको, मुलांच्या डोळ्यांवर उजेड येऊन पान काळवंडतं. गुळगुळीत कागद चमकत असेल तर वरची कड किंचित पुढे कलवावी. वाक्य संपल्यावरच पान उलटावं. निम्म्यात उलटलं की मुलं चित्राकडे वळतात आणि उरलेलं वाक्य वाऱ्यावर जातं. टाळ्यांच्या पानावर वाचणाऱ्यानं स्वतः टाळ्या वाजवू नयेत. पान उघडं धरून गप्प राहावं. बहुतेक वेळा तीन-चार सेकंदांत एखादं मूल सुरुवात करतं.