पॅराकॉर्डचा आसूड विणताय? रिळावरच्या ‘550’वर जाऊ नका

ऑनलाइन मागवलेल्या पॅराकॉर्डच्या, म्हणजे पॅराशूटच्या बारीक दोरीच्या, रिळावर छापलं होतं: ‘550 पॅराकॉर्ड, सात धाग्यांचा गाभा, शुद्ध नायलॉन’. टोक कापलं तर आत पिळाचे धागे नव्हतेच. सुटा, मऊ तंतूंचा पुंजका भरलेला होता आणि बाहेरची जाळी पॉलिप्रॉपिलीनची.

550 म्हणजे 550 पौंड, अंदाजे 250 किलो. अमेरिकी लष्कराच्या पॅराशूटच्या ‘टाइप 3’ दोरीची ही किमान ताकद. त्या दोरीच्या गाभ्यात 7 ते 9 पिळलेले धागे असतात.

विक्रेत्याचं म्हणणं, आसुडाला कोण लोंबकळतंय? तो मुद्दाच नाही. आसूड थरावर थर विणून होतो: आतला थर चार पेडी, त्यावर आठ पेडी, वर बारा पेडी. बहुतेक पेड गाभा काढून रिकाम्या जाळीनेच विणायचे. नायलॉन ओढताना ताणतं, हात सुटला की आखडतं आणि त्यानेच वीण आवळते. पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत, कितीही ओढा, पेड सरकतात, वरचा थर आतल्यावर फिरतो. आसूड मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा निमुळता होत गेला तरच टोक ध्वनीच्या वेगापुढे, सेकंदाला 340 मीटरच्या पलीकडे, जातं. मध्येच ढिला पट्टा आला की झटक्याने आसुडातून धावणारी लाट तिथेच मोडते आणि कडाडण्याऐवजी नुसतं ‘फट्’ होतं. विणीपुढची वादी नि तिच्या टोकाचा क्रॅकर (कडाडणारा दोरा) बदलून हे सुधारत नाही. वीण पूर्ण उसवावी लागते.

दुसरी लबाडी रिळाच्या पोटात असते: दोन तुकडे वितळवून जोडलेले. पेड तयार लांबीच्या निदान दीडपट लागतो, म्हणजे आठ फुटी आसुडाला बारा फुटांहून लांब. जोड नेमका अशा पेडात आला की तो वाया.

म्हणून कापण्याआधी अख्खं रीळ उलगडून मोजा. नळी वगळून 100 फुटांचं वजन साधारण 200 ग्रॅम भरायला हवं. 130-140 भरलं तर माल नकली, शंकाच नको. मग टोकाचा बोटभर तुकडा कापून गाभा काढा, जाळी पाण्यात चिरडून हवा घालवा. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. पॉलिएस्टरही बुडतं, त्यामुळे ही चाचणी एकटी पुरत नाही. पण सर्रास खपणारा नकली माल इथेच पकडला जातो.

‘कापलेला माल परत नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. पाकीट फोडण्यापासून वजनकाट्यापर्यंत सलग व्हिडिओ काढा, जाहिरातीतल्या वर्णनाचा स्क्रीनशॉट ठेवा. भारतात खरेदी असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.