जनगणनेचं 'जळकं पान' विकणारा माणूस, ठाणेकरांनो वाचा

ठाण्यात सध्या एक माणूस फिरतोय, वंशावळ काढणारे लोक हेरतो आणि त्यांना १८८१ च्या जनगणनेतलं पणजोबांचं पान विकतो. आमच्या मोठ्या काकांकडून १८ हजार काढले त्याने. जरा लांबलंय पण वाचा.

काका रिटायर झाल्यापासून वंशावळीच्या मागे आहेत, मूळ गाव मालवण तालुक्यात, पणजोबांच्या वर गाडी सरकेना. कोर्ट नाक्याला झेरॉक्सच्या दुकानात हा भेटला, एकदम सभ्य, "काका काका" करत. म्हणे इंग्रजांच्या वेळचे घरोघरचे कागद आगीत गेले पण थोडे वाचलेत, आपला आतला माणूस आहे. मोबाईलवर बातमी पण दाखवली, १९३१ च्या जनगणनेचे कागद १९४२ ला आगीत जळाले. गंमत म्हणजे बातमी खरी आहे! फक्त आग इंग्लंडमधली आणि कागद पण तिकडचेच. काकांनी १९३१, सेन्सस, आग एवढं वाचलं आणि लगेच युपीआय केलं.

आपल्याकडे जळायला तसं काही ठेवलंच नव्हतं हो. माणसं मोजायची, बेरजा करून तक्ते छापायचे, नावांचे कागद सांभाळायची पद्धतच नव्हती. म्हणून १८८१ चे छापील रिपोर्ट मिळतात, त्यात जिल्ह्यात किती माणसं ते कळतं, तुमचे पणजोबा नाही सापडत. आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेत तर १९४८ च्या कायद्यामुळे एकेका माणसाची माहिती कोणाला बघायलाच मिळत नाही, मग तो आतला माणूस देणार काय, कप्पाळ.

ते पान मी हातात घेऊन बघितलं. कागद चहात बुडवून तपकिरी केलेला, कोपरा मेणबत्तीवर जाळलेला, पण स्टेपलरची पिन चकचकीत नवी. मजकूर कंप्युटरच्या देवनागरी फॉन्टमध्ये, आणि कहर म्हणजे वर लिहिलंय जिल्हा सिंधुदुर्ग. अहो तो जिल्हा झाला १९८१ ला, आधी मालवण रत्नागिरीत होतं! पणजोबांचं नाव मात्र अचूक, कारण ते काकांनीच त्याच्या फॉर्ममध्ये भरून दिलं होतं, वरच्या दोन पिढ्या त्याने स्वतःच जन्माला घातल्या. असला कागद कोणी जात पडताळणीला जोडला तर जोडणारा पण अडकणार.

खरं काम कंटाळवाणं आहे. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करायचा, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मागायचा, जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात, शिवाय जुने फेरफार आणि गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. जुनं बरंचसं मोडी लिपीत, वाचणारा शोधावा लागतो. पानं वाळवीने खाल्लेली निघाली तर भावकीतल्या दुसऱ्या नावाने बघा, वारसाच्या फेरफारात जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते असतं, त्यात बाप-भाऊ सगळे येतात. काकांना एका चुलत शाखेच्या फेरफारातच खापरपणजोबांचं नाव मिळालं, आणि ते जळक्या पानावरच्या नावाशी कुठेच जुळत नाही. नक्कल फी किरकोळ लागते आणि पावती मिळते, याने पावती मागितल्यावर "काका, विश्वास नाही का" केलं होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलीस स्टेशनला तक्रार दिलीय. ऐरोलीच्या एका ताईंनी त्यांना मिळालेलं पान पाठवलं, डिट्टो तोच जळका कोपरा, फक्त आडनाव वेगळं. अजून कोणाकडे असेल तर चॅट डिलीट करू नका, पान फेकू नका, मला मेसेज करा, सगळ्यांची नावं त्याच तक्रारीला जोडायचं चाललंय.