आत्या गेली आणि मागून केअर सेंटरचं बिल आलं: बसून मिटवायचं, लोकअदालत, ग्राहक आयोग की दाव्याची वाट बघायची?

माझी आत्या मिरजेजवळच्या एका केअर सेंटरमध्ये १४ महिने होती आणि तिथंच गेली. दहाव्याच्या दिवशी आतेभावाला फोन, ९७,४०० रुपये बाकी आहेत, येऊन सही करून जा. तो बिचारा निघालाच होता, मी म्हटलं थांब बाबा, सही कशावर करायचीय ते तरी आधी बघूया. सध्या ज्यांच्यावर अशी वेळ आलीय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आम्ही चारही रस्ते चौकशी करून बघितले आणि प्रत्येकाचं गणित वेगळं आहे.

रस्ता निवडायच्या आधी दोन गोष्टी बघा. पहिली, ॲडमिशनच्या फॉर्मवर कुणाची सही आहे आणि कशी. नुसतं नातेवाईक म्हणून नाव-नंबर असेल तर वेगळं, पण "बिलाची जबाबदारी माझी" असं लिहून सही केली असेल तर तो तुमचा स्वतःचा करार झाला, मग आत्याच्या मिळकतीच्या मागं लपता येत नाही. दुसरी, मागं काय राहिलंय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० आणि ५२ प्रमाणे मयताचं देणं वारसाकडून वसूल होतं ते त्याच्या हातात आलेल्या मिळकतीपुरतंच, पण ती मिळकत कुठं गेली हे दाखवता आलं नाही तर तेवढी रक्कम खिशातनं जाते, म्हणून आलेल्या पैशाचा हिशोब वहीत ठेवाच. वडिलांचं कर्ज मुलानं धर्म म्हणून फेडलंच पाहिजे असं अजून कुणी सांगत असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ पासून, नव्या कर्जांना ते लागू नाही. पीएफची नॉमिनीला मिळणारी रक्कमही मयताच्या देण्यापासून मोकळी असते. बँकेचं मात्र तसं नाही, तिथं नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही.

आता बसून मिटवणं. यात खर्च नाही, वेळ कमी लागतो, पण हिशोब हातात नसताना गेलात तर समोरचा म्हणेल तोच आकडा. आम्ही आधी लेखी अर्ज दिला, तारीखवार बिल द्या म्हणून, आणि पोच घेतली. बिल आलं तेव्हा आतेभाऊ आणि मी स्वयंपाकघरात ते आणि हॉस्पिटलची फाईल शेजारी ठेवून बसलो. आत्या ११ दिवस हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होती, आणि त्याच ११ दिवसांचा सेंटरनं अटेंडंटचा ६०० रुपये रोज लावला होता, वर डायपर-ग्लोव्हजचे २,२००. ज्या खाटेवर ती नव्हतीच तिथले डायपर. आतेभावानं ते पान किती वेळ धरून ठेवलं होतं, मला आठवलं तरी कसंतरी होतं. शिवाय गेल्यानंतरचा "नोटीस महिना" १८,००० आणि सुरुवातीला भरलेलं ४०,००० डिपॉझिट कुठंच वजा नाही. सगळं काढल्यावर ३०,६०० राहिले. ते खरंच देणं होतं, त्यावर आम्ही वाद घातला नाही. भारतीय वारसा कायद्याचं कलम ३२० तर मृत्यूआधीच्या एक महिन्याचा राहण्या-जेवणाचा आणि औषधपाण्याचा खर्च इतर कर्जांच्या आधी द्यायला सांगतं, त्यामुळं शेवटच्या महिन्याच्या खऱ्या खर्चावर भांडणं मला पटतही नाही.

समोरचा बसायला तयार आहे पण आकड्यावर अडलंय, तर लोकअदालत. सांगलीकरांनी विजयनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं, साताऱ्याच्या जिल्हा कोर्टातही ते आहे. दावा दाखल व्हायच्या आधीच अर्ज करता येतो, फी नाही. तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी आणि त्यावर अपील नाही, हाच फायदा आणि हाच धोका, घाईत मान हलवू नका. समोरचा आलाच नाही तर मात्र काही होत नाही.

ग्राहक आयोग कधी, तर पैसे घेऊन सेवाच नीट दिली नाही, डिपॉझिट दाबून ठेवलं, खोटं बिल लावलं आणि तुमच्याकडं कागद आहेत तेव्हा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक मेल्यावर त्याचा वारस तक्रार करू शकतो, आणि तक्रारदार राहतो तिथं करता येते, म्हणजे मुलगा पुण्यात असेल तर पुण्यातनं, ऑनलाईनसुद्धा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत २ वर्षं. सेवा पूर्ण मोफत असेल तर इथं जाता येत नाही. कायद्यात ३ महिन्यांत निकाल लिहिलाय पण तेवढ्यावर आशा ठेवू नका, १०-२० हजारासाठी तारखा करायची ताकद घरात आहे का ते बघा. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करून बघायला हरकत नाही.

चौथा, गप्प बसून त्यांनी दावा टाकायची वाट बघणं. मागं काहीच राहिलं नाही आणि जबाबदारीची सही पण कुणाची नाही, तर हा रस्ता चुकीचा नाही. साधारण ३ वर्षांची मुदत असते आणि सिद्ध त्यांना करायचं असतं. पण मुदत संपायच्या आत "बाकी मान्य आहे" असं लिहून सही दिली तर तिथनं पुन्हा ३ वर्षं मोजली जातात, लेखी नोंद करून थोडे पैसे भरले तरी तसंच. आणि समन्स आलं तर ३० दिवसांत म्हणणं द्यायचं, ते टाळून चालत नाही. घर-जमीन वाटून घ्यायची असेल तर मात्र हे डोक्यावर ठेवून बसू नका, भावाभावात त्यावरनं वाकडं येतं.

आम्ही बसूनच मिटवलं, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत मॅनेजर म्हणाले नियम आहे, दुसऱ्या फेरीत हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड टेबलावर ठेवलं आणि ते गप्प झाले. ३०,६०० चा चेक आत्याच्या खात्यातनं आलेल्या पैशातनंच दिला, पावतीवर "पूर्ण व अंतिम, काही बाकी नाही" असं त्यांच्या शिक्क्यासकट लिहून घेतलं आणि झेरॉक्स दोन्ही आतेबहिणींना पाठवली.